अंगाचा अंदाज आणि घड्याळाचा आकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगडपर्यंतच्या पट्ट्यात पहाटे धावणारी आणि रविवारी सायकल काढणारी माणसं गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहेत. मनगटावर ठोके आणि वेग मोजणारं घड्याळ आलं, मोबाइलवर आलेख आले आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही आले. मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं धावतो आणि नवीन मंडळींना सोबत करतो. त्यामुळे औषध आणि आजार यांच्याबद्दल इथे लिहिलेलं डॉक्टरांना विचारूनच अमलात आणा.

१. मी नुकतंच धावायला लागलोय. चांगलं घड्याळ घेऊ का?

आत्ता नको. पहिल्या दोन-तीन महिन्यांत थोडं धावलं तरी हृदयाचे ठोके भराभर चढतात. ते आकडे बघून माणूस उगाच घाबरतो, नाहीतर रोज स्वतःशीच शर्यत लावतो. नेहमीच्या रस्त्याची फेरी एकदा दुचाकीच्या मीटरवर मोजून घ्या. मिनिटं दाखवणारं कुठलंही घड्याळ आणि एक वही पुरते (वहीत काय लिहायचं ते प्रश्न १८ मध्ये आहे). वाचलेल्या पैशात बरे बूट घ्या. तीन महिन्यांनंतरही पहाटे आपणहून जाग येत असेल तर घड्याळाचा विचार करू.

२. 'अंगाचा अंदाज घ्या' असं सगळे सांगतात. तो घ्यायचा कसा? मला तर रोजच दम लागतो.

दम किती लागतो, हे सांगता आलं पाहिजे. सगळ्यात सोपी कसोटी बोलण्याची. धावता धावता घरचा पूर्ण पत्ता मोठ्यानं सांगून बघा: घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. न तुटता सांगता आला तर धावणं सोपं चाललंय. गल्लीपाशी एकदा आणि तालुक्यापाशी पुन्हा श्वास घ्यावा लागला तर मध्यम. घर नंबरानंतरच थांबावं लागलं तर ते जोराचं धावणं. कसोटी बाळबोध वाटेल, पण प्रयोगशाळेत श्वास आणि रक्तातलं लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात साचणारा पदार्थ) मोजून जो उंबरठा, म्हणजे दम झपाट्यानं वाढायला लागतो तो टप्पा, काढतात, त्याच्या आसपासच माणसाचं सलग बोलणं तुटायला लागतं. त्या टप्प्यावर शरीराला जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो, आणि बोलायचं म्हणजे श्वास अडवावा लागतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी याच जाणिवेची ६ ते २० अशी पट्टी बनवली. ६ म्हणजे स्वस्थ बसणं, २० म्हणजे जीव तोडून. सुरुवात ६ पासून अशासाठी की त्या आकड्याला दहानं गुणलं की तरुण, निरोगी माणसाचे ठोके साधारण तेवढे येतात. रोजच्या वापराला ० ते १० ची पट्टी बरी. पत्ता सलग जमला तर ३-४, दोनदा तुटला तर ५-६, पत्ताच नको वाटला तर ७ आणि पुढे. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी त्यात एक भर घातली. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं हा आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. ५० मिनिटं, जाणीव ४, म्हणजे भार २००. अर्धा तास थांबायचं कारण असं की शेवटचा चढ जोरात मारला असेल तर लगेच विचारल्यावर माणूस त्या चढाचाच आकडा सांगतो.

३. मला असा अंदाज येतच नाही. हे उपजत असतं का?

लहानपणी मी आमच्या भागातल्या तालमीत जायचो. संध्याकाळी पोरं आत येऊन पाया पडायची आणि वस्ताद प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवायचे. एखाद्याला म्हणायचे, "आज मातीत उतरू नकोस, नुसत्या बैठका मार." त्या पोरानं तोंडातून अवाक्षरही काढलेलं नसायचं. मला तो चमत्कार वाटायचा. पुढे ध्यानात आलं की पोरगा चप्पल काढताना भिंतीला हात टेकतो का, वाकताना कमरेत थांबतो का, पाठ गरम लागते का, हे सगळं वस्ताद दारापासून बघत असायचे. वर्षानुवर्षं रोज बघून बघून ती नजर तयार झाली होती. आपला अंदाजही तसाच तयार होतो.

त्यासाठी एक सराव सांगतो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला आणि घड्याळ बाहीखाली ठेवा. दर किलोमीटरला ते थरथरलं की आधी मनाशी सांगा, 'किलोमीटर सहा मिनिटं पंचवीस सेकंदांत, ठोके एकशे अठ्ठेचाळीस.' मग बाही सरकवून बघा. सुरुवातीला मी किलोमीटरमागे पाऊण मिनिटानं चुकत होतो. दोन महिन्यांत चूक पाच-सात सेकंदांवर आली. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आकडा आधी बघितला की अंगही त्याच्याच मागून बोलायला लागतं.

४. अंदाज एक सांगतो आणि घड्याळ दुसरंच. मग कुणाचं ऐकायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचाही हाच. दोन्ही जुळतात त्या दिवशी नवीन काहीच कळत नाही. जुळत नाहीत त्या दिवशी शरीर काहीतरी सांगत असतं. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. वेग म्हणजे पायांनी बाहेर किती काम केलं. ठोके म्हणजे त्या कामासाठी आतला पंप किती चालला. आणि जाणीव म्हणजे झोप, जेवण, घरची काळजी, कालचा थकवा या सगळ्यांची बेरीज. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या एकमेकींना खोटं पाडत नाहीत.

वेग नेहमीचा, ठोके नेहमीचे, पण अंग जड वाटतंय: एक दिवस असेल तर फेरी आखडती घ्या आणि विसरून जा. सलग तीन दिवस असेल तर आठवड्याचा भार निम्मा करा. थकवा आलेखात उमटायच्या आधी अंगात उमटतो. ठोके जास्त पण धावणं सोपं वाटतंय: आधी घड्याळ तपासा (प्रश्न ६), मग ऊन (प्रश्न १०), मग सकाळचा कडक चहा.

तिसरी अवस्था फसवी आहे. ठोके नेहमीपेक्षा कमी, जोर लावला तरी वर जात नाहीत आणि पाय लाकडासारखे. एका हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉनची तयारी करताना माझे ठोके त्याच वेगाला आठ-दहानं खाली आले. मी खूश झालो, सगळ्यांना सांगत सुटलो की तब्येत तयार झाली. घरी बायको मात्र म्हणाली, "तुम्ही हल्ली जिना उतरताना कठडा धरता." मी ते मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांत नडगीचं हाड दुखायला लागलं, डॉक्टरांनी ताणानं आलेली बारीक चीर सांगितली आणि ती स्पर्धा गेलीच. दमलेलं शरीर ठोके वर चढूच देत नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. खाली आलेले ठोके आणि हलके पाय, ही तयारीची खूण. खाली आलेले ठोके आणि जड पाय असले तर थांबा.

५. २२० वजा वय हे सूत्र बरोबर आहे ना?

लोकसंख्येच्या सरासरीला ठीक, तुमच्यासाठी कदाचित नाही. एकाच वयाच्या माणसांचे कमाल ठोके या सूत्रापेक्षा सहज १०-१२ नी वर किंवा खाली असतात, काहींचे त्याहूनही जास्त. २००१ मध्ये २०८ वजा (०.७ × वय) हे सुधारलेलं सूत्र आलं. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० च सांगतात, पण साठीत जुनं १६० म्हणतं आणि नवं १६६. सूत्र कुठलंही घेतलं तरी सरासरीच हाती येते. घड्याळात 'सोपं', 'मध्यम', 'जोराचं' असे ठोक्यांचे जे रंगीत पट्टे (झोन) दिसतात, ते बहुधा या सरासरीवरच आखलेले असतात. 'सोप्या' पट्ट्यात राहूनही पत्ता सांगता येत नसेल, किंवा पट्टा लाल झाला तरी गप्पा चालू असतील, तर पट्टा चुकलाय. पत्त्याच्या कसोटीवर पट्टे स्वतः दुरुस्त करून घ्या. घड्याळात तशी सोय असते.

६. घड्याळ १७५ दाखवतं पण मी आरामात धावतोय. मला काही झालंय का?

बहुतेक वेळा घड्याळाला झालेलं असतं. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत सोडतो आणि रक्ताच्या लाटेप्रमाणे परतणारा प्रकाश मोजतो. घड्याळ मनगटावर सैल असेल, हात गार असतील, घाम किंवा पावसाचं पाणी मध्ये आलं असेल, तर त्याला लाट सापडत नाही. मग तो हाताच्या हेलकाव्याला लाट समजतो. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, आणि घड्याळ तीच ठोके म्हणून दाखवतं. म्हणून पावलांचा आणि ठोक्यांचा आकडा सारखाच दिसला की संशय घ्या. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधून बघा. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत घेतो, त्यामुळे तो जास्त भरवशाचा, फक्त लावण्याआधी ओला करायचा.

घरात नेहमी तयार असलेलं साधन म्हणजे बोट. थांबा, अंगठ्याखालच्या नाडीवर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. यात एक अपवाद आहे. नाडी हाताला खरोखरच अनियमित किंवा फार जलद लागत असेल, सोबत चक्कर, छातीत दाब किंवा धडधड असेल, तर घड्याळावर शंका घेत बसू नका. तडक दवाखान्यात जा.

७. ठोके कमी ठेवायचे तर मला चढावर चालावं लागतं. लोक बघतात, लाज वाटते.

चाला. नॉर्वेत काम करणारे शास्त्रज्ञ स्टीफन साइलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे दहातले साधारण आठ सराव सोपे निघाले. आपल्याकडे उलट होतं. सोप्या दिवशी थोडं जोरात आणि जोराच्या दिवशी दमलेलं, म्हणजे रोजचंच मधलं. बघणाऱ्यांना तुमचा आजचा सराव कुठला आहे हे माहीत नसतं.

८. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाच्या चढावर सगळा हिशेब कोलमडतो. चढाला काय बघायचं?

वेग अजिबात बघू नका. सपाटीला सहा मिनिटांत होणारा किलोमीटर तिथे नऊ-दहा मिनिटं घेतो आणि ते बरोबरच असतं. ठोके उशिरा वर येतात. चढ सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर घड्याळ सपाटीचाच आकडा दाखवत राहतं आणि तेवढ्यात माणूस दम घालवून बसतो. म्हणून चढाला पहिला मान जाणिवेचा. पायथ्याला ५ आणि शेवटच्या वळणाला ७, एवढं ठरवून निघा. सायकलवर पॉवर मीटर (पेडलवर पडणारा जोर मोजणारं यंत्र) असेल तर गोष्ट वेगळी, तो तत्क्षणी सांगतो (प्रश्न १३).

उताराला मात्र अंदाज फसतो. दम लागत नाही, ठोके खाली येतात, सगळं मजेत वाटतं. पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठतं. येळ्ळूरच्या बाजूला उतरताना तुमच्या बुटांचा धप्प धप्प आवाज येत असेल तर वेग जास्त आहे. तिथे कानांवर विश्वास ठेवा.

९. पावसाळ्यात चार महिने आमचे आकडे बिघडतात. सराव वाया जातो का?

नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आषाढात पाऊस लागला की दिवसेंदिवस उघडत नाही. रस्त्याच्या कडेला लाल चिखल, ओले बूट, समोरच्या गाडीचा फवारा. माणूस पाय जपून टाकतो, वेग कमी होणारच. त्यातून दाट झाडीखाली आणि घाटात जीपीएसही वाकडंतिकडं चालतं. या चार महिन्यांत वेगाची नोंदच करू नका. मिनिटं आणि जाणीव एवढंच लिहा. दसऱ्यानंतर रस्ते कोरडे झाले की त्याच फेरीवर एकदा तपासून बघा. मला दरवर्षी वाटतं की पावसाळ्यात मागे पडलो, आणि वहीत तसं दिसत नाही.

१०. एप्रिलमध्ये त्याच वेगाला ठोके पंधरानं वाढतात. तब्येत उतरली का?

ऊन चढलं. रक्ताला स्नायूंबरोबर कातडीकडेही जावं लागतं, घामानं रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, मग ठोके वाढवूनच ती भर काढावी लागते. म्हणून लांब धावण्यात वेग तोच असला तरी शेवटच्या अर्ध्या तासात आकडा चढत जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून पहाट तरी बरी असते. अथणी-रायबागकडच्या मित्रांना तेवढीही सवलत नाही. ठोके आणि जाणीव दोन्ही वर गेले असतील तर वेग कमी करा. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात.

पाण्याच्या बाबतीत तहानेचं ऐका. आकडा ठरवून जबरदस्तीनं लिटरच्या लिटर पाणी पिणं लांब स्पर्धेत धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम खाली जातं. घाम एकदम बंद होणं, अंगावर काटा येणं, बोलणं अडखळणं यांतलं काही झालं की तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता आणि सोबत्याला सांगून लगेच दवाखाना गाठा.

११. दादा, मी सैन्यभरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पाहिजे. घड्याळ नाही. अंदाजानं होईल का?

होणार नाही. इथे आकडा हवाच, पण त्याला महाग घड्याळ लागत नाही. ४०० मीटरच्या चार फेऱ्या आणि साडेपाच मिनिटं, म्हणजे फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. आधी मैदान खरंच ४०० चं आहे का ते टेप लावून मोजा. गावातली बरीच मैदानं कमी भरतात आणि पोरं फसतात. मग मित्राला मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभं करा. त्यानं प्रत्येक फेरीला नुसता आकडा ओरडायचा, 'जोरात' वगैरे काही म्हणायचं नाही.

पहिल्या फेरीत अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही. सोबत सगळी पोरं सुटलेली, अंगात भीती आणि उत्साह एकत्र, ७० सेकंदही सोपे वाटतात. त्याची किंमत तिसऱ्या फेरीत मोजावी लागते. ८१-८२ नं जा, मागे पडल्यासारखं वाटेल, वाटू द्या. तिसरी फेरी सगळ्यांत वाईट असते, तिथे पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवा. शेवटच्या फेरीत घड्याळ विसरा.

मोठ्या धावपटूंनाही हेच लागू. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेझरच्या रेषा टाकल्या होत्या आणि आळीपाळीनं सोबती धावत होते. वेगाची काळजी दुसऱ्यांनी घेतली म्हणून त्याला फक्त धावायचं उरलं. तुमचा स्टॉपवॉचवाला मित्र तेच काम करतो.

१२. सकाळी उठलं की घड्याळ 'रिकव्हरी कमी' असं लाल दाखवतं. त्या दिवशी धावू नये का?

डोळे उघडल्यावर, मोबाइलला हात लावण्याआधी, स्वतःला दहापैकी गुण द्या: झोप किती, पाय कसे, धावायची इच्छा किती. ते वहीत लिहा आणि मगच घड्याळ बघा. लाल बघून उठलेल्या माणसाचे पाय दिवसभर लालच राहतात.

घड्याळ बहुधा दोन ठोक्यांमधल्या अंतराची चलबिचल मोजतं. ती जास्त तर शरीर निवांत, ती घटली तर ताण. पण ती उशिरा जेवल्यानं, दारूनं, सर्दीच्या सुरुवातीनं, अपुऱ्या झोपेनंही घटते. गावच्या यात्रेत रात्री अकराला मटण-भाकरी खाल्लीत तर दुसऱ्या दिवशी लाल दिसणारच, त्यात धावण्याचा संबंध नाही. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नाही, आठवड्याच्या सरासरीला आहे, आणि तीही फक्त तुमच्याच मागच्या सरासरीशी ताडून. मित्राच्या आकड्याशी मुळीच नाही.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खेळाडूंवर देखरेख ठेवण्याच्या पद्धतींचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. सरावाचा भार शरीरावर कसा पडतोय, हे खेळाडूनं स्वतः भरलेल्या साध्या प्रश्नावलीतून यंत्राच्या मोजमापांपेक्षा जास्त नीट कळतं, असं त्यात दिसलं. म्हणून तुमचे गुण आणि घड्याळ दोन्ही लाल असतील तर विश्रांती घ्या. फक्त घड्याळ लाल असेल तर सोपी फेरी मारा आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर ठरवा. फक्त तुम्ही लाल असाल तर प्रश्न ४ बघा.

१३. सायकलला पॉवर मीटर घेतला. आता ठोके आणि अंदाज सोडून देऊ का?

सोडू नका. पॉवर मीटर पेडलवर किती वॅट पडले ते खरं सांगतो, वारा असो वा चढ. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत बाचीला जाताना समोरून वारा असला की वेग बघून मन खचतं. तिथे वॅट बघितले तर कळतं की काम नेहमीएवढंच चाललंय. पण त्या कामाची किंमत अंगाला किती पडली हे वॅट सांगत नाहीत. साधारण तासभर टिकवता येणारा जोर, म्हणजे सायकलचा उंबरठा, काढायला वीस मिनिटांच्या जोरदार चाचणीची सरासरी घेऊन तिचे ९५ टक्के धरतात. तो आकडा तुमच्या चांगल्या दिवसाचा असतो. झोप झालेली नसताना तोच आकडा लावून बसणं चूक.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचा अपवाद. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, घाई नसते. पण भुकेचा अंदाज फार उशिरा येतो. भूक कळेपर्यंत टाकी रिकामी झालेली असते, मग हात थरथरतात आणि किरकोळ गोष्टीवर चिडचिड होते. इथे घड्याळाचंच ऐका: दर अर्ध्या तासाला थोडं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. आपल्या भागात रताळी भरपूर पिकतात. उकडून, मीठ लावून, केळीच्या पानात बांधून नेलेली दोन मध्यम रताळी तासभर पुरतात आणि पोटाला त्रास देत नाहीत. मी त्यांच्यावरच जातो.

१४. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझे आकडे खराब येतात. काही चुकतंय का?

ताई, काही चुकत नाही. बीज सुटल्यानंतर शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशानं वाढतं, स्वस्थ असतानाचे ठोकेही थोडे चढतात, ठोक्यांमधली चलबिचल (प्रश्न १२) घटते. घड्याळ त्याला 'थकवा' म्हणतं. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नका, मागच्या महिन्याच्या याच आठवड्याशी करा. वहीत पाळीचा दिवस लिहून ठेवलात तर तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. काहींना त्या दिवसांत काहीच फरक जाणवत नाही, तेही नेहमीचंच.

सारखी धाप लागते, जिना चढताना पाय गळतात आणि सराव वाढवलेला नाही, असं असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. आणि सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती 'फिट झाल्याची' खूण मुळीच नाही. खाणं कमी पडतंय. लगेच डॉक्टरांना भेटा.

१५. वडिलांना बीपीची गोळी आहे. ते चालतात तेव्हा ठोके १०५ च्या वर जातच नाहीत. अजून जोरात चालायला सांगू का?

नका सांगू. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या ठोक्यांना लगाम घालतात. त्या घेणाऱ्यांसाठी घड्याळातले रंगीत पट्टे (प्रश्न ५) निरुपयोगी आहेत. पत्त्याची कसोटी (प्रश्न २) लावा आणि बाबांना ३-४ वरच राहू द्या. अमलोडिपिनसारख्या गोळीचा असा परिणाम नसतो, म्हणून गोळी कुठली ते डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

१६. दुखणं आणि थकवा यांत फरक कसा ओळखायचा? तापात धावलं तर?

पसरलेलं, दोन्ही पायांत सारखं, हालचाल केल्यावर मोकळं होणारं ते बहुधा सरावाचं. एका बोटानं दाखवता येतं, एकाच पायात आहे, धावताना वाढतं किंवा रात्री ठणकतं, ते दुखणं. त्याला दहापैकी गुण देत बसू नका, थांबा. ताप असताना धावायचं नाही, अर्धा किलोमीटरही नाही. तापात ठोके तसेही वाढलेले असतात, आणि विषाणूची सूज हृदयापर्यंत गेली तर जिवावर बेतू शकतं. डेंग्यूनंतर किती दिवसांनी धावायचं हे डॉक्टर सांगतील. घड्याळ हिरवं झालं म्हणून उठू नका.

१७. आमच्या घरचे वारीला रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतात. ना घड्याळ, ना सराव. मग आम्हालाच एवढं कशाला?

मला हा प्रश्न फार आवडतो. इकडच्या गावांतून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीबरोबर मी दोन दिवस चाललो आहे. वरून दिसत नाही, पण तिथे मोजमाप भरपूर आहे. पहाटे निघायची वेळ ठरलेली, न्याहारीचं गाव ठरलेलं, दुपारच्या विसाव्याचं झाड ठरलेलं, मुक्काम ठरलेला. टाळ आणि मृदंग पावलांचा ताल धरून ठेवतात, एकटा माणूस पुढे पळू शकत नाही. चालता चालता तोंडानं भजन चालू असतं, म्हणजे बोलण्याची कसोटी दिवसभर आपोआप पार पडत असते. आणि 'सराव नाही' म्हणता त्या माणसांनी वर्षभर शेतात चिखलणी, भात लावणी, भांगलण केलेली असते. आपण आठ तास खुर्चीत बसून सकाळी एक तास धावतो, म्हणून आपल्याला वही लागते. त्या दोन दिवसांत मला फोड आले, शेजारच्या आजींना नाहीत. त्यांनी सुईनं दोरा ओवून फोडातलं पाणी काढायला शिकवलं. हल्ली मी सुई उकळून घेतो.

१८. वहीत नेमकं काय लिहायचं? नमुना द्या.

चार गोष्टी, याच क्रमानं: सकाळचे गुण, काय केलं, जाणीव, आणि शेवटी घड्याळाचा आकडा. त्याखाली एक ओळ मनातली. ऑनलाइन प्रशिक्षक असेल तर ती ओळ त्यालाही पाठवा, कारण आलेख त्याच्याकडे असतोच, ही ओळ नसते. माझ्या वहीतल्या तीन नोंदी:

मंगळवार. सकाळचे गुण ७. किल्ला तलावाकडून सोपी फेरी, ४५ मिनिटं. जाणीव ३. अंदाज ६:३०, घड्याळ ६:३४, ठोके १३८. पत्ता पिनकोडासकट झाला.

गुरुवार. सकाळचे गुण ४. झोप पाच तास, पाहुणे होते. जोराचा सराव ठरला होता, दहा मिनिटांनी सोडला. जाणीव ६, ठोके १३६. नेहमीपेक्षा कमी आणि पाय जड. उद्या सुट्टी.

रविवार. सकाळचे गुण ८. येळ्ळूरहून गडावर, १ तास ५० मिनिटं. चढाला ७, एकूण ५. घड्याळ उतरल्यावर बघितलं. डाव्या गुडघ्याच्या बाहेरून थोडं ओढल्यासारखं, बोटानं दाखवता येत नाही. मंगळवारी परत बघायचं.

दोनशे पानी वही घेतली आणि दिवसाला अर्धं पान धरलं तर वर्ष निघतं. घामानं शाई पसरते, म्हणून पेन्सिल वापरा.